आशाताईचे ते दोन प्रश्न

जुलैतली गोष्ट. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी काकीच्या पडवीत बसलो होतो. बाहेर पावसाची झड लागलेली. आशाताई, म्हणजे आमच्या गावची आशा कार्यकर्ती, छत्री झटकत आली, पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फॉर्म काढला. बीपी, साखर, मिशेरी, चुलीचा धूर, सगळं विचारून झालं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "काकी, गेल्या दोन आठवड्यात कशातच मन लागना नाय, काय करूचा वाटना नाय, असा किती दिस झाला?"

काकी भडकली. "माका काय येड लागला हा? ह्या कसला इचारतस?"

आशाताईने सवयीने हसून दुसरा प्रश्न विचारला. उदास वाटतं का, पुढे काही उरलं नाही असं वाटतं का? यावर काकी काहीच बोलली नाही. पडवीच्या कोपऱ्यात तिचा सव्वातीन वर्षांचा नातू तीनचाकी सायकल उलटी करून तिचं चाक फिरवत बसला होता. मघापासून तेच. मी दोनदा हाक मारली होती, त्याने वळून बघितलं नव्हतं. काकीने त्याच्याकडे बघितलं आणि पदराने उगाच जातं पुसल्यासारखं केलं.

मुलगा-सून नालासोपाऱ्याला. दोघंही कामाला, पाळणाघर परवडत नाही, म्हणून पोराला दीड वर्षाचं असताना गावी आणून ठेवलेलं. ही काही वेगळी कहाणी नाही. आमच्या वाडीत अशी तीन घरं आहेत.

गेल्या काही वर्षांत गावोगाव लोकांना हे विचारलं जातंय आणि लोक बुचकळ्यात पडतायत. बीपीचं ठीक, पण सरकारला आमच्या मनाचं काय करायचंय? म्हटलं, हे एकदा नीट मांडावं.

प्रश्न आले कुठून

त्या फॉर्मला आशाताई 'सीबॅक' म्हणतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी तो भरायचा असतो. त्यातले ते दोन प्रश्न जगभर वापरात आहेत. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. दोन्ही मिळून तीनाच्या वर गेले, तर पुढे तपासायला पाठवायचं. तेवढे आले म्हणजे आजार झाला असं नव्हे. ताप मोजल्यासारखं आहे ते. थर्मामीटर मलेरिया आहे की टायफॉइड हे सांगत नाही, डॉक्टरकडे जा एवढंच सांगतो.

साठीच्या पुढच्यांसाठी त्याच फॉर्मवर आणखी काही प्रश्न आहेत. चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना कुणाची मदत लागते का, घरच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का.

म्हणजे सोय कागदावर आलेली आहे. या सगळ्याला सरकारी भाषेत सामुदायिक मानसिक आरोग्य सेवा म्हणतात. हा शब्द मी एकदाच वापरतो. अर्थ सोपा आहे: मनाच्या आजारासाठी माणसाने हॉस्पिटल शोधत जायचं नाही, सेवेने त्याच्या वाडीपर्यंत यायचं.

वस्तीची गाडी

कोकणातल्या माणसाला वस्तीची एसटी समजावून सांगायला नको. संध्याकाळी डेपोतून निघते, रात्री गावात मुक्काम करते, पहाटे गावातल्यांना घेऊन परत जाते. कारण साधं आहे. गावातल्या प्रत्येकाने सकाळी डेपो गाठणं शक्य नसतं, म्हणून एक गाडीच गावात येऊन झोपते.

मनाच्या आजारांच्या बाबतीत आपल्याकडे बराच काळ फक्त डेपो होता. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. आमच्या लहानपणी कुणी वेड्यासारखं बोललं की "रत्नागिरीक धाडूक होया" हा ठरलेला विनोद. त्या विनोदाने किती माणसांना डॉक्टरपासून लांब ठेवलं असेल, देव जाणे.

१९८२ साली केंद्राने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. पुढे कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, केलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. जिल्हा रुग्णालयात एक पथक, त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, नर्स. त्यांनी जिल्ह्यात बसून न राहता तालुक्यात जायचं, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवायचं. आता उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात आणि त्यांच्या कामाच्या यादीत मनाचे आजार आणि वृद्धांची काळजी या दोन्ही गोष्टी आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस आहे. १४४१६ या नंबरवर फोन करायचा, मराठीत बोलायचं, पैसे पडत नाहीत.

एवढं असून निम्हान्सच्याच २०१५-१६ च्या देशव्यापी सर्वेक्षणात काय दिसलं? ज्यांना मनाचा आजार आहे अशा शंभर माणसांतल्या, आजारानुसार, ७० ते ९२ जणांना उपचार मिळतच नव्हते. गाडी आहे, पण फाट्यावरूनच परत जाते.

लहान आणि म्हातारे, हीच दोन टोकं का?

कारण कोकणात मधली पिढी गावात नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीची जवळपास पाच टक्क्यांनी, सिंधुदुर्गची दोन टक्क्यांहून जास्त. त्याच जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला, हे गेल्या शंभर-दीडशे वर्षांचं चित्र. आता सुनाही जातात. उरतात सासवा आणि नातवंडं.

आणि नेमकी हीच दोन वयं अशी, की त्यांचा त्रास ती स्वतः सांगत नाहीत. तीन वर्षांचं पोर "मला समजत नाही" असं म्हणत नाही. पासष्ट वर्षांची बाई "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. ती म्हणते गुडघे दुखतात, झोप नाही, पोटात गॅस धरतो. तरणा माणूस निदान कामावर जायचा बंद होतो, दारू पितो, भांडतो, म्हणून लक्षात येतो.

तीन वर्षांच्या पोराला मनाचा आजार कसला?

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न, आणि तो रास्त आहे. इथे 'आजार' हा शब्द बाजूला ठेवून 'वाढ' हा शब्द घेऊ.

चिऱ्याचं घर बांधताना गवंडी जोत्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो. जोतं बोटभर तिरकं असेल तर त्या वेळी दोन चिरे हलवून काम होतं. भिंती वर गेल्यावर तोच तिरकेपणा काढायचा तर अर्धं घर पाडावं लागतं. मेंदूचं तसंच आहे. पहिल्या पाच वर्षांत तो आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळ पोचतो, आणि बोलणं, ओळखणं, चिडल्यावर शांत होणं याच्या वाटा तेव्हाच पडतात.

त्या वाटा पडतात कशाने? भजनाची डबलबारी बघितलीय ना? एका बुवाने टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पोर आणि घरातलं माणूस यांची दिवसभर हीच बारी चालते. पोर "आ" म्हणतं, आजी "काय रे सोन्या" म्हणते. पोर कावळ्याकडे बोट दाखवतं, आजी "काव काव" करते. समोरचा बुवाच बसून राहिला तर पहिला किती वेळ गाणार?

मूल या बारीत उतरतच नसेल तर लक्ष द्यायचं. वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षाचं झालं तरी बोट करून काही दाखवत नाही. दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही. नजर देत नाही, एकच गोष्ट तासन्‌तास करत राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, थांबायचं नाही.

यातलं एखादं लक्षण म्हणजे लगेच ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, नव्हे. आधी कान तपासायचे. ऐकू कमी येणारं मूल हाकेला वळणार कसं? आमच्याकडे पहिला उपाय वेखंड उगाळून जिभेला चाटवायचा. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: "बापूस पण उशिराच बोलाक लागलेलो." असतीलही बापूस उशिरा बोलले. पण काही मुलं उशिरा बोलतात आणि काही मुलांना मदत लागते, आणि घरबसल्या यातला फरक कळत नाही. कळेपर्यंत दोन वर्षं जातात, तीच कामाची असतात.

मोबाइलचं एकदा स्पष्ट सांगतो, कारण सगळं खापर त्याच्यावर फोडायची पद्धत आहे. मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही. पण मोबाइल बारी बंद पाडतो, कारण तो एकटाच गातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वयाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. गुडघे धरलेल्या आजीला हे सांगायला आपलं काय जातं? तिने भात कधी ठेवायचा, गोठा कधी बघायचा?

मुलांसाठी जी सोय आहे तिचा जन्म कोकणातलाच, हे फार जणांना माहीत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. यात डॉक्टरांचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. जन्मतः असलेलं व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी बघायच्या. उशीर दिसला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. शिवाय आशाताईने तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी बाळाच्या घरी जायचं असतं, आणि माता-बाल कार्डावर कुठल्या महिन्यात काय यायला हवं याची चित्रं छापलेली असतात. आपण ते कार्ड लसीच्या तारखेपुरतं उघडतो.

काकीचा नातू या सगळ्यातून निसटला, कारण तो दीड वर्षं नालासोपाऱ्यात होता आणि नंतर गावात. तिथल्या कार्डावर तो गावी गेलेला, इथल्या यादीत तो मुंबईचा. कुणाचा दोष म्हणावा? यादी घराप्रमाणे असते आणि आपली घरं दोन ठिकाणी असतात.

साठी बुद्धी नाठी?

म्हण आहे म्हणून खरं मानायचं असं नाही. म्हातारपणी विसरायला होतं, चष्मा कुठे ठेवला आठवत नाही, नाव जिभेवर येऊन अडतं. हे चालायचंच. पण तीन गोष्टी अशा आहेत की आपण तिन्हींना 'म्हातारचळ' म्हणून एकाच कोठीत टाकतो, आणि त्या एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत.

पहिली, वात. जुन्या बायका "वातात बडबडते" म्हणतात ते. कालपर्यंत ठीक असलेली म्हातारी आज अचानक माणसं ओळखत नाही, रात्री उठून चालायला लागते, दुपारी शुद्धीत येते, संध्याकाळी परत तेच. तास-दोन तासांत किंवा दिवसा-दोन दिवसांत आलेला गोंधळ हा बहुतेक वेळा शरीराचा आजार असतो: लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं मीठ कमी होणं, एखादं नवीन औषध. इथे वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसरी, नैराश्य. हे आठवड्यांत चढतं. माणूस बोलायचं कमी होतं, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. विसरतंही, पण विचारलं की "माका काय आठवना नाय" म्हणून सोडून देतं. "देवान आता न्हेवचा" हे वाक्य आपण म्हातारपणाची सवय म्हणून ऐकतो. कधी ती सवयच असते. कधी नसते. शेजारी बसून सरळ विचारावं, "खरंच तसं वाटतं का गे?" विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घालत नाही आपण, उलट माणूस मोकळं होतं. होय म्हणाली तर त्या रात्री तिला एकटं ठेवू नये, घरातलं कीटकनाशक उचलावं आणि १४४१६ लावावा. नैराश्याला उपचार आहेत आणि म्हातारपणीही ते लागू पडतात.

तिसरी, स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. हा वर्षानुवर्षांत सरकत येतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं, चष्म्याचं काय करायचं हे विसरणं वेगळं. रोजची सोलकढी बिघडते, परसातून परत यायची वाट चुकते, तोच प्रश्न पाच मिनिटांत चौथ्यांदा येतो. भारतात साठीपुढच्या माणसांत याचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हा मुळातून बरा होत नाही, हे खरं. पण थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, बहिरेपण हे सगळे त्याचं सोंग आणतात आणि ते बरे होतात किंवा आटोक्यात तरी येतात. तपासल्याशिवाय सोंग कुठलं आणि खरं कुठलं हे कळणार नाही.

बहिरेपणावर जरा थांबतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा कारणांची यादी दिली, जी आयुष्यभरात हाताळली तर जगातले जवळजवळ निम्मे स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा हिशेब आहे. त्या यादीत बीपी, साखर, तंबाखू तर आहेतच, पण कमी ऐकू येणं, उपचार न झालेली अधू नजर आणि एकटेपणही आहे. आता काकीचं बघा. टीव्हीचा आवाज वाढत गेला. मग भजनाला जायचं बंद झालं, कारण काय चाललंय ते कळेना. मग शेजारी म्हणायला लागले, काकी आताशा गप्पच असते. आणि घरात असलेल्या एकुलत्या पोराचे "आ" नि "ऊ" तिला ऐकूच जात नव्हते.

डबलबारी दोन्ही बाजूंनी बंद. नातवाचं बोलणं आणि आजीचं गप्प होणं या दोन केस नाहीत, एकच आहे. मला या लेखात खरं तर एवढंच म्हणायचंय. सरकारच्या दोन वेगळ्या वह्या आहेत, बालकांची एक नि ज्येष्ठांची एक, पण पडवी एकच आहे. त्या पडवीत एकदाच जाऊन दोघांचं बघितलं तर खर्चही कमी आणि गुणही जास्त.

पण आशाताई काय डॉक्टर आहे?

नाही. आणि तिने व्हायचंही नाही. पण हे काम तिच्यासारख्या माणसाला जमतं का, याची परीक्षा आपल्या शेजारीच झालेली आहे. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा, तिथे.

'संगत' नावाच्या तिथल्या संस्थेने संशोधकांबरोबर स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत सरकारी आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला. खाजगी डॉक्टरांकडच्या रुग्णांत मात्र तसा फरक दिसला नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर जाहिरात होईल.

म्हाताऱ्यांचं २०१९ चं काम मला जास्त बोलकं वाटतं. साठीच्या पुढची १८१ माणसं, सगळी थोडीफार उदास पण अजून पूर्ण नैराश्यात न गेलेली. निम्म्यांकडे शिकवलेले समुपदेशक जात. काय करत? एक अडचण निवडून ती सोडवायच्या पायऱ्या एकत्र ठरवायच्या, झोपेच्या सवयी दुरुस्त करायच्या, साखर-बीपीची काळजी समजावायची, पेन्शनसारख्या सरकारी योजनेचा कागद भरून द्यायचा. वर्षभराने त्या गटातल्या ९१ पैकी चौघांना मोठं नैराश्य आलं. दुसऱ्या गटात ९० पैकी तेराजणांना. चाचणी लहान आहे, मान्य. पण पेन्शनचा कागद हाही उपचाराचा भाग असू शकतो, हे ज्याने म्हातारी माणसं जवळून बघितलीत त्याला पटेल.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना मदत करायचा प्रयोगही गोव्यातच झाला, ८१ कुटुंबांत, २००८ मध्ये तो छापून आला. सांभाळणाऱ्यांचा मनाचा ताण त्याने कमी झाला. आणि ऑटिझम असलेल्या मुलांसाठी गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, दोन्हीकडे मिळून एक चाचणी झाली, २०१६ ची. आई-मूल खेळताना व्हिडिओ काढायचा आणि तोच आईला दाखवायचा: हे बघ, इथे त्याने तुझ्याकडे बघितलं आणि तू भांडं उचलायला वळलीस. आया मुलाच्या इशाऱ्याला जास्त साथ द्यायला लागल्या आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. हे शिकवणारेही तज्ज्ञ नव्हते, तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते होते.

तर जमतं. पण या प्रत्येक प्रयोगात त्या माणसाच्या पाठीशी एक तज्ज्ञ उभा होता, वेळोवेळी त्याची विचारपूस करणारा. आपल्या आशाताईकडे साधारण हजार लोकसंख्या, गरोदर बायका, लसी, क्षय, कुष्ठ, सर्वेक्षणं, आणि वर मानधन कधी येईल ही विवंचना. तिच्या पिशवीत आणखी एक फॉर्म घालणं म्हणजे सेवेचा विस्तार नव्हे, याला मी फॉर्मचा विस्तार म्हणतो. काकीचे गुण चार आले. पुढे काय, हे आशाताईला विचारलं तर ती म्हणाली, "पीएचसीत सांगतंय. थयसर गोळी गावली तर बरा."

मग तज्ज्ञच का वाढवत नाहीत?

वाढवायला हवेतच. पण हिशेब बघा. लाख लोकांमागे तीन मानसोपचारतज्ज्ञ असावेत असं म्हणतात, देशात आहेत ०.७५, म्हणजे पाऊण माणूस. सिंधुदुर्गात २०११ ला साडेआठ लाख माणसं होती. नियमाने पंचवीस हवेत, देशाच्या सरासरीने सहा. आणि सरासरी शहरं खातात. वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे बोलायला शिकवणारे, त्याहून दुर्मिळ. पंचवीस डॉक्टर तयार होऊन इथे राहायला येईपर्यंत काकीचा नातू मिसरूड फुटलेला असेल.

देवाचं काय?

गावात एखादं माणूस वेगळं वागू लागलं की आधी देवळात गाऱ्हाणं, कौल, मग बाहेरची बाधा बघणारा. यावर शहरातले लोक तुटून पडतात. मी नाही पडत. गाऱ्हाण्याने माणसाला धीर येतो, सगळी वाडी त्याच्यासाठी उभी राहते, हे औषधच आहे. कौल घेऊन डॉक्टरकडे गेलेली माणसं मी बघितलीत. देवाने उजवा कौल दिला की पेशंट गोळी नियमित घेतो.

फक्त बांधायचं नाही, मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यात आग लागली आणि साखळीने बांधलेली पंचवीसहून जास्त माणसं जागीच जळाली. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने साखळीला बंदी घातली आहे.

नाव झालं तर?

पोरीचं लग्न, घराण्याचं नाव, ही भीती खोटी नाही. त्याच कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय, आणि सरकारी सेवेत उपचार मिळणं हा हक्क ठरवलाय. रत्नागिरीला नेऊन टाकतील ही भीतीही जुनी झाली. ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय त्यातल्या बहुतेकांना भरती व्हायची गरजच पडत नाही. पण कायदा कागदावर गुप्तता राखतो, गावात आशाताई कुणाच्या घरी किती वेळ बसली हे सगळी वाडी मोजते. म्हणून तिने बीपीच्या मशीनबरोबरच हे विचारावं हे शहाणपणाचं आहे. बीपी बघायला कुणीही येतं.

गोळ्यांची सवय लागते ना?

झोपेच्या काही गोळ्यांची लागते, आणि म्हातारी माणसं त्या घेऊन रात्री पडतात, खुबा मोडून घेतात. त्या परस्पर मेडिकलमधून आणू नयेत. नैराश्याच्या गोळ्या वेगळ्या. त्यांचं व्यसन लागत नाही, पण गुण यायला दोन-चार आठवडे, म्हाताऱ्यांत जरा जास्त लागतात, आणि मनाने अचानक बंद केल्या तर त्रास होतो. लोक दहाव्या दिवशी "काय उपयोग नाय" म्हणून सोडतात. सौम्य त्रासाला तर गोळीच्या आधी बोलणं, फिरणं, झोप आणि माणसांत जाणं हेच करून बघतात.

गणपतीची सुट्टी

एक सुचवतो, फुकट आहे. मुलाबद्दल निर्णय घेणारे आई-बाप आणि म्हातारीबद्दल निर्णय घेणारा मुलगा, हे दोघं वर्षातून एकदा खात्रीने गावात असतात. चतुर्थीला. आरोग्य खात्याचं पथक या दिवसांत महामार्गावर चाकरमान्यांना ओआरएस वाटत उभं असतं. त्यातलं एक वाड्यांवर फिरलं, अंगणवाडीतली कार्डं आणि आशाताईचे फॉर्म घेऊन, तर तीन महिन्यांची फोनाफोनी वाचेल.

आमच्याकडे हे आशाताईने आपल्या डोक्यानेच केलं. दीड दिवसाचे गणपती पोचवून झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती खळ्यात हजर. काकीचा मुलगा आधी ठरलेलं वाक्य बोलला, मी पण उशिराच बोललो. सून काही बोलली नाही. आत गेली, मोबाइल घेऊन आली आणि एक व्हिडिओ लावला. पोराच्या पहिल्या वाढदिवसाचा. केकसमोर बसवलेलं पोर, मागे कुणीतरी टाळ्या वाजवतंय, आणि ते दोनदा स्पष्ट म्हणतं, "पप्पा. पप्पा."

मुलाने व्हिडिओ परत लावला. मग सायकलच्या चाकाशी बसलेल्या पोराकडे बघितलं. त्याने तो शब्द गेल्या वर्षभरात ऐकला नव्हता.

आशाताईने चिठ्ठी लिहिली. मुलाने मुंबईला फोन करून चार दिवस रजा वाढवली. काकीला ऐकू गेलं नव्हतं, म्हणून तिला मोठ्याने सांगावं लागलं की जिल्ह्याला जायचंय, पोराला दाखवायला. ती म्हणाली, मग मी पण येतंय, माझ्या कानांचा काय ता बघून घेतंय.

सोमवारी सहाच्या वस्तीच्या गाडीने चौघं गेली. खिडकी पोराला दिली.